रोलर-डिलेड नऊ मिलिमीटर कार्बाइन वर्षानुवर्षे कशी सांभाळावी: नव्या मालकासाठी पायरी-पायरीने

एमपी-५ (पिस्तुलाचे नऊ मिलिमीटर काडतूस वापरणारी जर्मन बनावटीची आखूड बंदूक) घराण्यातील शस्त्र पहिल्यांदा हाती घेणारा माणूस नळी पाहतो, दस्ता पाहतो, चापाचा ताण पाहतो; मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बसते त्या पोकळीतून आत डोकावून बोल्ट-हेड आणि कॅरियर, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टचा पुढचा आणि मागचा भाग, यांच्यामधली फट मात्र सहसा कोणी पाहत नाही. गेली नऊ वर्षे असे एक शस्त्र मी नियमितपणे रेंजवर वापरत आलो आहे, आणि या काळात जे काही शिकलो त्याचा मोठा भाग त्या कागदाच्या जाडीएवढ्या फटीभोवतीच फिरतो. ज्याने फट मोजायला आणि तिची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्याला हे शस्त्र काय दुखते आहे ते बिघडण्याच्या कितीतरी आधी सांगते. नव्या मालकाला ही सवय पहिल्या दिवसापासून लागावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. हा लेख अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटणाऱ्या, कायदेशीररीत्या बाळगलेल्या शस्त्रापुरता आहे. आपण राहतो तिथे असे शस्त्र बाळगता येते का, कोणत्या परवान्यावर येते, नळीची लांबी, दस्ता आणि मॅगझिनची क्षमता यांवर कोणती बंधने आहेत, हे खरेदीच्या विचाराआधी लेखी स्वरूपात तपासून घ्यावे, कारण एकाच घराण्यातील दोन शस्त्रांना कायदा वेगवेगळ्या वर्गांत टाकू शकतो. चाप यंत्रणेत स्वतःच्या हाताने कसलाही बदल करू नये; या लेखातली सगळी देखभाल शस्त्र मूळ स्थितीत ठेवण्यासाठी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पुढे जिथे जिथे शस्त्र उघडण्याचा, मोजण्याचा किंवा पुसण्याचा उल्लेख येईल, तिथे मॅगझिन काढलेले आहे, बोल्ट मागे अडकवून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहिलेले आणि करंगळीने चाचपलेले आहे, आणि त्या खोलीत एकही काडतूस नाही, असे गृहीत धरावे. मी हे प्रत्येक वेळी पुन्हा लिहिणार नाही. आपण मात्र प्रत्येक वेळी पुन्हा करावे.

पहिली पायरी: यंत्रणा डोळ्यांपुढे आणा

९×१९ मिलिमीटरच्या बऱ्याच कार्बाइनमध्ये बोल्टला कसलेही कुलूप नसते. बोल्ट जड असतो, आणि त्याचे वजन व मागची स्प्रिंग एवढ्याच्या जोरावर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत चेंबर बंद राहते. ही रचना साधी आणि स्वस्त असली तरी तो जड ठोकळा दर गोळीला मागे जाऊन आदळतो, आणि त्यामुळे काडतुसाच्या ताकदीच्या मानाने खांद्याला बसणारा धक्का जास्त असतो.

रोलर-डिलेड रचनेत बोल्टचे दोन भाग असतात: पुढे बोल्ट-हेड आणि मागे कॅरियर. हेडच्या दोन्ही बाजूंना एकेक रोलर असतो, आणि कॅरियरकडून पुढे आलेला पाचरीसारखा लॉकिंग पीस त्या दोन रोलरांच्या मधे घुसून त्यांना बाहेर, ट्रनियनच्या खोबणींत दाबतो. ट्रनियन म्हणजे जिच्यात नळी घट्ट बसवलेली असते ती पोलादी चौकट. गोळी सुटली की पुंगळी, म्हणजे काडतुसाचे मागे उरणारे कवच, हेडला मागे रेटते. हेडला मागे जायचे तर रोलर आत यायला हवेत, रोलर आत यायचे तर त्यांनी पाचरीला मागे लोटायला हवे, आणि पाचरीबरोबर अख्खा कॅरियर हेडपेक्षा जास्त वेगाने मागे जावा लागतो. हलक्या हेडला जड कॅरियर अशा उलट्या तरफेने ओढायला लागत असल्यामुळे सुरुवातीचा अगदी थोडा काळ हेड जवळजवळ जागचे हलत नाही, आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडून दाब उतरतो. इथे पक्के कुलूप कधीच लागत नाही, नुसता उशीर होतो. तो उशीर किती व्हावा हे रोलरचा व्यास, पाचरीच्या उतारांचा कोन आणि खोबणींची झीज यांवर ठरते, म्हणूनच या तीन गोष्टींची माहिती देणाऱ्या फटीला एवढे महत्त्व आहे.

ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्यात रायफलीसाठी आकाराला आली. युद्धानंतर लुडविग फोरग्रिमलर हा अभियंता ती स्पेनमधील सेटमे संस्थेत घेऊन गेला, आणि तिथून ती १९४९ मध्ये ओबर्नडॉर्फमध्येच स्थापन झालेल्या हेक्लर अँड कॉख कंपनीच्या जी-३ रायफलीत परतली. पश्चिम जर्मनीच्या सैन्याने जी-३ १९५९ मध्ये स्वीकारली, आणि तिचीच यंत्रणा पिस्तुलाच्या काडतुसासाठी लहान करून १९६० च्या दशकाच्या मध्यावर एमपी-५ तयार झाली. नव्या मालकाने एवढे लक्षात ठेवावे की हे मुळात रायफलीचे यंत्र आहे. पिस्तुलाचे काडतूस वापरते म्हणून त्याची देखभाल पिस्तुलासारखी उरकता येत नाही.

दुसरी पायरी: विकत घेण्याआधीची तपासणी

नवे शस्त्र असेल तर ही पायरी लहान आहे: फट मोजावी, रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा जिच्यात बसते त्या चौकटीच्या, पत्र्याच्या दोन्ही बाजू उजेडात तिरप्या धरून पाहाव्यात आणि पुढची नेमपट्टी मागच्या ड्रमशी, म्हणजे नेम धरण्याची छिद्रे असलेल्या फिरत्या नेमपट्टीशी, सरळ रेषेत आहे ना, ते पाहावे. वापरलेल्या शस्त्राच्या बाबतीत मात्र घाई करू नये. या घराण्याची शस्त्रे मूळ कारखान्यांखेरीज परवान्यावर आणि परवान्याशिवायही अनेक ठिकाणी बनली आहेत, आणि जुन्या सुट्या भागांवरून पुन्हा जोडलेली शस्त्रेही बाजारात फिरतात. जोडणी करणाऱ्याचा हात चांगला असेल तर अशी शस्त्रे उत्तम चालतात, पण तो हात कसा होता हे बाहेरच्या रंगावरून कळत नाही.

काही वर्षांपूर्वी दुसरे एक शस्त्र घ्यावे म्हणून मी एका विक्रेत्याकडे गेलो होतो. फट मोजली तेव्हा ०.३० मिलिमीटर भरली, म्हणजे आकडा निर्दोष होता. बोल्ट बाहेर काढून हेड वेगळे केले आणि ज्या बाजूने ते कॅरियरला टेकते ती बाजू खिडकीच्या उजेडात धरली. बाकीच्या हेडवर वापराने आलेली एकसारखी काळपट छटा होती, पण ती मागची कड पांढरीशुभ्र चमकत होती आणि तिच्यावर सहाणेच्या चाकाच्या बारीक समांतर रेघा होत्या. फट कमी भरत होती म्हणून कोणीतरी हेडची पाठ घासून फट ‘तयार’ केली होती; रोलर, पाचर किंवा नळीची बसवणूक यांतला खरा दोष तसाच आत राहिला होता. मी ते शस्त्र घेतले नाही. वापरलेले शस्त्र पाहताना फटीचा आकडा आणि हेडची पाठ या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्यात, एकीवाचून दुसरीला काही अर्थ नाही.

याशिवाय रोलरांवर खड्डे किंवा सपाट पट्टे आहेत का, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाचा टोकदारपणा टिकून आहे का, आणि ट्रनियनच्या खोबण्यांभोवती किंवा वेल्डिंगच्या रेषांवर केसासारखी चीर दिसते का, हे पाहावे. चीर दिसली तर तिथेच थांबावे.

तिसरी पायरी: हाताळणीच्या सवयी

या शस्त्राच्या काही रीती आधुनिक कार्बाइनपेक्षा वेगळ्या आहेत. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे अडकून राहत नाही. तो रिकाम्या चेंबरवर पुढे येतो, आणि नवशिक्याला ते पुढच्या चापाला ‘टक्’ असा आवाज आल्यावरच कळते. म्हणून मॅगझिन बदलण्याचा क्रम सुरुवातीपासून एकच ठेवावा: कॉकिंग हँडल (बोल्ट मागे ओढण्याचा दांडा) मागे ओढून वरच्या खाचेत अडकवावे, मॅगझिन काढावे, नवे बसवून ओढून पाहावे, आणि मग हँडल सोडावे. बोल्ट पुढे असताना पूर्ण भरलेले मॅगझिन खालून बसवायला गेल्यास वरची काडतुसे बोल्टच्या पोटाला अडतात आणि मॅगझिन पुरते अडकत नाही. पहिली गोळी सुटते आणि दुसरीच्या वेळी मॅगझिन पायाशी पडते. हा प्रकार रेंजवर मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे.

हँडल खाचेतून तळहाताने थापटून सोडावे की बोटांनी ओढून सोडावे यावर फार वाद घातला जातो. माझ्या मते दोन्ही चालते. चालत नाही ते फक्त हँडल हाताने धरून हळूहळू पुढे नेणे. बोल्ट स्प्रिंगच्या पूर्ण जोराने पुढे आला नाही तर पाचर रोलरांच्या मधे पुरती शिरत नाही आणि बोल्ट अर्धवट बंद राहतो. आवाज होऊ नये म्हणून किंवा यंत्राला जपावे म्हणून बोल्ट हळू सोडणारा माणूस प्रत्यक्षात यंत्राचे नुकसानच करत असतो.

नेमपट्टीबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण जी-३ वापरलेले लोकही इथे चुकतात. जी-३ च्या मागच्या ड्रमवरचे आकडे अंतराचे आहेत. एमपी-५ च्या ड्रमवरची चार छिद्रे मात्र एकाच अंतरासाठी असून फक्त लहान-मोठी आहेत. उजेड आणि डोळा यांना जे जुळेल ते निवडायचे. लहान छिद्रावर आणलेला नेम मोठ्यावर गेल्याने बदलत नाही.

चौथी पायरी: उघडणे आणि जोडणे

मागची पिन काढली की दस्ता सुटतो आणि चाप यंत्रणेची मूठ खाली उतरते. दस्त्यातच त्या पिनांसाठी भोके दिलेली असतात; काढलेली पिन त्यांतच खोचण्याची सवय लावावी. मग हँडल मागे ओढले की बोल्ट आणि रिटर्न स्प्रिंग मागून बाहेर येतात. हेड वळवून कॅरियरपासून वेगळे होते, लॉकिंग पीस वळवून निघतो, आणि त्याच्याबरोबर फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी सुई) व तिची स्प्रिंग हातात येते. रोजच्या साफसफाईसाठी यापुढे जाण्याची गरज नाही. मूठ वेगळी असताना चाप ओढून हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारा हातोडा, मोकळा सोडू नये. समोर बोल्ट नसल्यामुळे तो पूर्ण जोराने घरावर आदळतो.

जोडताना जवळजवळ प्रत्येक नवा मालक एकाच ठिकाणी अडतो, आणि मीही अडलो होतो. पहिल्याच आठवड्यात बोल्ट रिसीव्हरमध्ये सरकेना, तेव्हा काहीतरी घट्ट बसले असेल असे समजून मी तो तळहाताने जोर लावून रेटला. त्याचा परिणाम म्हणजे रिसीव्हरच्या आतल्या पन्हाळीवर पडलेला एक ओरखडा, जो आजही दिसतो. कारण अगदी साधे होते. हेड कॅरियरला घट्ट चिकटलेले असले की पाचर रोलरांना बाहेर ढकलून ठेवते, आणि रोलर बाहेर असताना बोल्ट रिसीव्हरच्या रुंदीत मावत नाही. हेड बोटांनी पुढे ओढून हेड आणि कॅरियर यांच्यात थोडे अंतर ठेवावे, दोन्ही रोलर आत गेले आहेत हे अंगठा फिरवून पाहावे, आणि मग बोल्ट आत सरकवावा; तो नुसत्या स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. जोर लावावा लागला की बाहेर काढून पुन्हा पाहावे, एवढा एकच नियम पुरे आहे.

जोडून झाल्यावर हँडल दोन-तीनदा पूर्ण ओढून सोडावे, सेफ्टी प्रत्येक स्थितीत तपासावी, आणि रिकाम्या शस्त्राचा चाप सुरक्षित दिशेने एकदा ओढून हॅमरचा आवाज ऐकावा.

पाचवी पायरी: फट मोजणे

मोटारीच्या गॅरेजमध्ये प्लगचे किंवा टॅपेटचे अंतर मोजायला जे फीलर गेज वापरतात तेच इथे लागते: पातळ पोलादी पात्यांचा पंखा, प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्यांची पाती पुरतात.

शस्त्र थंड आणि स्वच्छ असावे, हेडच्या मागे तेलाचा जाड थर नसावा. मॅगझिन काढून आणि चेंबर रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट मागे न्यावा आणि पूर्ण जोराने पुढे सोडावा. मग सुरक्षित दिशेने चाप ओढून हॅमर पाडावा, कारण ताणलेला हॅमर कॅरियरला खालून दाबत राहतो आणि मोजमाप फसवे येते. आता शस्त्र उलटे करून मॅगझिनच्या पोकळीतून टॉर्चचा उजेड टाकावा. हेड आणि कॅरियर यांच्यामधली काळी रेघ दिसेल. पाती तिथेच घालायची असतात. सर्वांत पातळ पात्यापासून सुरुवात करून एकेक जाड पाते घालून पाहावे. जे पाते थोडासा अडथळा जाणवत पण न वाकता जाते ती आपली फट. त्याच्या पुढचे पाते अडायला हवे. पाते कधीही दाबून घुसवू नये. हे सगळे तीनदा करावे, दर वेळी बोल्ट मागे नेऊन नव्याने सोडावा, आणि तिन्ही आकडे लिहावेत.

एमपी-५ साठी मान्य फट ०.२५ ते ०.५० मिलिमीटर आहे. नव्या शस्त्राची फट या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात असलेली बरी, कारण ती पुढे उतरतच जाणार असते. माझ्या शस्त्राची पहिली नोंद ०.४० आहे. पहिल्या दोन हजार गोळ्यांत ती ०.३५ वर आली, आणि तेव्हा मी घाबरलो होतो. वास्तविक ती भागांची एकमेकांत बसण्याची नेहमीची झीज होती. त्यानंतर पाच हजारांहून अधिक गोळ्या आकडा हलला नाही, आणि मग हळूच ०.३० ला आला. नव्या मालकाने एका आकड्यापेक्षा आकड्यांच्या चालीकडे पाहावे. सुरुवातीला थोडी उतरून स्थिरावणारी फट निरोगी शस्त्राची असते. हजार गोळ्यांत अचानक ०.१० ने खाली येणारी फट ०.२५ च्या वर असली तरी काहीतरी बिनसल्याचे सांगते.

फट इतकी का महत्त्वाची, हे एकदा नीट समजून घ्यावे. ती आहे याचा अर्थ पाचर अजून रोलरांच्या मधे घट्ट अडकलेली आहे आणि कॅरियर हेडला टेकण्याआधीच थांबला आहे. रोलर, पाचर आणि खोबण्या झिजल्या की पाचरीला तेवढाच दाब देण्यासाठी आणखी पुढे जावे लागते, म्हणून कॅरियर हेडच्या जवळ येतो. फट शून्य झाली की कॅरियर पाचरीच्या आधीच हेडवर टेकतो. रोलर सैल राहतात, हेडच्या मागे ढिलाई येते आणि उशीर कमी होतो. त्या अवस्थेत गोळी झाडली तर पुंगळी दाब उतरण्याआधीच बाहेर सरकू लागते. फट ०.२५ च्या खाली गेलेले शस्त्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, मग ते कितीही सुरळीत चालत असो.

फट वाढवण्याचा योग्य मार्ग म्हणजे जाड रोलर. मूळ रोलर ८.०० मिलिमीटर व्यासाचे असतात, आणि त्यांहून ०.०२ व ०.०४ मिलिमीटर जाड तसेच तेवढेच बारीक रोलर मिळतात. रोलर नेहमी दोन्ही एकाच मापाचे, जोडीने बदलावेत. मात्र रोलर बदलण्याआधी लॉकिंग पीस झिजला आहे का ते पाहावे, कारण तो बदलून फट परत मिळत असेल तर जाड रोलरांची गरज नसते. जाड रोलर घालूनही फट येत नसेल तर दोष ट्रनियनमध्ये किंवा नळीच्या बसवणुकीत आहे, आणि ते काम या यंत्रणेचा अनुभव असलेल्या शस्त्रकारागिराचेच आहे. घरच्या टेबलावर त्याला हात लावू नये.

सहावी पायरी: काडतुसे आणि पुंगळ्या

पहिल्या दिवशी रेंजवर उचललेली पुंगळी पाहून नवे मालक काळजीत पडतात, कारण तिच्या अंगावर तोंडापासून खाली लांबट काळ्या रेघा उमटलेल्या असतात. तो दोष नाही. या शस्त्राच्या चेंबरमध्ये लांबीला समांतर बारीक पन्हाळी कोरलेल्या असतात. गोळीमागचा वायू त्यांतून पुंगळीच्या बाहेरच्या अंगाला जातो आणि पुंगळी भिंतीला चिकटून न बसता सुटते. बोल्ट दाब शिल्लक असतानाच हलू लागतो, म्हणून ही सोय. पुंगळीवरच्या रेघा सगळ्या बाजूंनी सारख्या असल्या म्हणजे पन्हाळी मोकळ्या आहेत. एखाद्या बाजूला रेघा पुसट होऊ लागल्या तर त्या बाजूच्या पन्हाळींत काजळी साठली आहे, असे समजावे. मी दर सत्रानंतर चार-पाच पुंगळ्या उचलून उजेडात फिरवून पाहतो. यापेक्षा सोपी तपासणी नाही.

याच पन्हाळींमुळे उघड्या शिशाच्या, तांब्याचे आवरण नसलेल्या गोळ्या या शस्त्रात वापरू नयेत. शिसे आणि त्यावरचे मेण पन्हाळींत थापले जाते आणि ते काढणे फार त्रासाचे होते. वजनाबद्दल सांगायचे तर पूर्ण ताकदीच्या १२४ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमच्या, आवरणयुक्त गोळीवर माझे शस्त्र सर्वांत समाधानाने चालते. ११५ ग्रेनच्या मऊ भरणीच्या काही काडतुसांवर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत अडकते. अशा वेळी शस्त्राला दोष देण्याआधी काडतूस बदलून पाहावे. ज्यांना सप्रेसर (नळीच्या तोंडाशी लावायचे, आवाज कमी करणारे उपकरण) लावण्याची कायदेशीर मुभा आहे, त्यांनी लक्षात घ्यावे की त्यामुळे मागे येणारा वायू आणि काजळी दोन्ही वाढतात, बोल्टचा वेगही वाढतो, आणि त्यासाठी वेगळ्या कोनाचा लॉकिंग पीस लागू शकतो. तो निर्मात्याच्या सांगण्यानुसारच निवडावा.

पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांना एक त्रास होईल. हे शस्त्र पुंगळी जोराने फेकते, आणि खिडकीच्या कडेवर आपटून तिच्या तोंडाला किंवा अंगाला पोचा पडतो. किरकोळ पोचा सरळ करता येतो. घडी पडलेली पुंगळी टाकून द्यावी.

सातवी पायरी: साफसफाई आणि तेल

दर सत्रानंतर चेंबर, बोल्ट-हेडचा चेहरा आणि रोलरांभोवतीची जागा साफ करावी. नळीचे काम त्या मानाने सोपे आहे. चेंबरसाठी पन्हाळींत शिरणारा, या शस्त्रासाठीच बनवलेला जाड ब्रश घ्यावा, कारण साधा नऊ मिलिमीटरचा ब्रश उंचवट्यांवरून घसरत जातो आणि पन्हाळी भरलेल्याच राहतात. ब्रश ताकदीने गोल फिरवण्यापेक्षा लांबीच्या दिशेने पुढे-मागे चालवावा, मग कोरड्या कापडाने चेंबर पूर्ण पुसावे. चेंबरमध्ये तेल राहू देऊ नये. तसेच फायरिंग पिन आणि तिची भोकातली वाट कोरडी ठेवावी, कारण तिथे साठलेले तेल काजळीबरोबर चिखल बनते आणि पिनेची हालचाल मंदावते.

तेल लागते ते रोलरांना, लॉकिंग पीसच्या उतारांना, कॅरियर ज्या पन्हाळींवर सरकतो त्यांना आणि कॉकिंग नळीतल्या आधाराला. प्रत्येक ठिकाणी बोटाच्या टोकाने पसरण्याइतके पुरे. सुरुवातीला मी भरपूर तेल घालत असे आणि ते पहिल्या दहा गोळ्यांतच चष्म्यावर उडत असे. तेव्हापासून थेंब मोजूनच घालतो.

सफाई हवेशीर जागेत, हातमोजे घालून करावी. गोळीबारानंतर आणि सफाईनंतर हात साबणाने नीट धुवावेत, त्याआधी खाण्या-पिण्याला स्पर्श करू नये, आणि रेंजवरचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत. शिशाची भुकटी दिसत नाही, पण लहान मुलांना ती फार बाधते.

आठवी पायरी: मॅगझिन आणि झिजणारे भाग

एमपी-५ च्या मॅगझिनमधून काडतुसे डाव्या-उजव्या ओठांकडून आलटून-पालटून येतात, त्यामुळे ती हाताने भरणे पिस्तुलाच्या मॅगझिनइतके कष्टाचे नाही. प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगाने क्रमांक टाकावा. काडतूस अडकण्याचे प्रकार नोंदवताना मॅगझिनचा क्रमांक लिहिला की दोन-तीन सत्रांतच दिसते की जवळजवळ सगळे अडथळे एकाच मॅगझिनचे आहेत. त्याचे ओठ वाकलेले असतील तर ते बाजूला काढावे. पकडीने वाकवून सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग लहान आणि स्वस्त असते, पण पुंगळी अर्धवट ओढली जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तीच असते. तिच्या दोन प्रती सतत जवळ ठेवाव्यात. पुंगळी निघते पण फेकली जात नाही, असे झाल्यास इजेक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणारा भाग, पाहावा. या शस्त्रात तो रिसीव्हरमध्ये नसून चाप यंत्रणेच्या घरात असतो, हे ठाऊक नसल्यामुळे लोक भलतीकडेच दोष शोधत बसतात. रिटर्न स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून पाहावी. ती स्पष्टपणे आखूड दिसू लागली किंवा पुंगळ्या पूर्वीपेक्षा लांब पडू लागल्या तर बदलावी. दस्त्याच्या टोकातला बफर (बोल्टचा धक्का झेलणारा भाग), फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग, रोलरांना धरणारी पट्टी आणि तिच्या पिना हे भागही डबीत असावेत.

ठेवताना हॅमर उतरवलेला, बोल्ट पुढे, चेंबर रिकामे असे शस्त्र कुलूपबंद कपाटात ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. आतून फोम लावलेल्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नये. फोम ओल धरतो आणि पत्र्याच्या रिसीव्हरला वेल्डिंगच्या रेषांवर आधी गंज चढतो.

नववी पायरी: नोंदवही

एक साधी रेघांची वही पुरे. तारीख, झाडलेल्या गोळ्या, काडतुसाचा प्रकार, अडथळा आला असल्यास मॅगझिनचा क्रमांक, आणि दर पाचशे गोळ्यांनी फटीचे तीन आकडे. कोणताही भाग बदलला की बदलण्याआधीची आणि नंतरची फट लिहावी. रोलर किंवा लॉकिंग पीस बदलल्यावर पहिल्या शंभर गोळ्यांनंतर पुन्हा मोजावी, कारण नवे भाग बसताना आकडा थोडा सरकतो आणि खरी सुरुवात तिथून धरायची असते. काढलेले जुने रोलर तारखेच्या चिठ्ठीसह छोट्या पिशवीत ठेवावेत. कारागिराला त्यांवरच्या झिजेच्या पट्ट्यांवरून बरेच कळते. पुढे कधी शस्त्र कायदेशीररीत्या दुसऱ्याच्या नावावर केले, तर ही वही आणि ती पिशवी शस्त्राबरोबरच द्यावी, आणि नव्या मालकासमोर एकदा फट मोजून तो आकडा शेवटच्या पानावर त्याच्याच हाताने लिहून घ्यावा.